उरलेल्या दातांच्या जिवावर

तोंडातले काही दात गेले आणि काही शिल्लक राहिले, की काढता-घालता येणाऱ्या अर्ध्या कवळीचा विषय निघतो. त्या वेळी रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ती घट्ट बसेल ना? प्रश्न रास्त आहे. बोलताना खाली येणारी, घास चावताना उचलली जाणारी कवळी कुणालाच नको असते. पण या प्रश्नामुळे कवळीच्या इतिहासाकडे पाहण्याची एक सवयही पडून गेली आहे. आधी दोरा होता, मग सोन्याचे आकडे आले, मग ओतीव धातूचे सांगाडे, मग एकमेकांत सरकून बसणारे बारीक जोड आणि शेवटी हाडात रोवलेले इम्प्लांट. पिढ्यान् पिढ्या पकड घट्ट होत गेली, अशी ती हकिगत सांगितली जाते. ही हकिगत खोटी नाही, पण तिच्यातून मुख्य गोष्ट निसटते. पूर्ण कवळी हिरडीवर आणि टाळूवर भार टाकते. अर्धी कवळी आपली पकड उरलेल्या दातांकडून उसनी घेते. त्या उसनवारीचा हिशेब कोण चुकता करतो, हे ओळखायला आणि मग किती थोड्या पकडीवर भागते हे शिकायला दंतवैद्यांना दोनशे वर्षे लागली. अर्ध्या कवळीच्या इतिहासात शिकण्यासारखे जे काही आहे, ते या शिकण्यात आहे, असे मला वाटते.

सुरुवात पुष्कळ मागे नेता येते. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत, इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासूनच्या काळातल्या, दातांभोवती बसवलेल्या सोन्याच्या पट्ट्या सापडल्या आहेत. काही पट्ट्यांमध्ये माणसाचा किंवा जनावराचा दात खिळ्याने बसवलेला आहे, आणि पट्टी शेजारच्या जिवंत दातांना वेढून गेलेली आहे. आजच्या लेबनॉनमधल्या सिडॉनला सोन्याच्या तारेने एकमेकांना बांधलेले दात मिळाले. रोमच्या बारा फलकांच्या कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी ४५० च्या आसपास, प्रेताबरोबर सोने पुरायला मनाई होती. मात्र ज्याचे दात सोन्याने बांधले असतील त्याला ते तसेच ठेवून पुरायची मुभा होती. म्हणजे ही गोष्ट कायद्याने दखल घ्यावी इतकी ओळखीची होती. तरीही या पट्ट्यांना आजच्या कवळीच्या पूर्वज म्हणताना हात आखडता घ्यावा लागतो. त्या बहुतेक कायमच्या बसवलेल्या होत्या, त्या घालणाऱ्या मुख्यतः स्त्रिया होत्या, आणि मार्शल बेकर यांच्यासारख्या अभ्यासकांच्या मते त्यांतल्या काही निव्वळ दागिना म्हणून, चांगले दात मुद्दाम काढून बसवलेल्या असाव्यात. आपल्या विषयापुरते एवढेच लक्षात घ्यायचे, की शेजारच्या दाताला बांधून घेण्याची कल्पना जुनी आहे आणि ती बांधणी सोडवून धुण्याची कल्पना तिच्यात नाही.

ही दुसरी कल्पना अठराव्या शतकात रुजली. त्या शतकाच्या आरंभी जर्मन शल्यवैद्य लोरेन्झ हाइस्टर याने हस्तिदंतात कोरलेले कृत्रिम दात रात्री काढून स्वच्छ करण्याचा सल्ला दिलेला आढळतो. १७२८ मध्ये पॅरिसच्या पियर फोशार याने दंतवैद्यकावरचा आपला दोन खंडांचा ग्रंथ छापला. आधुनिक दंतवैद्यकाची सुरुवात त्याच्यापासून मानतात ती यामुळेच. त्यात एक-दोन किंवा ओळीने पुष्कळ दात बसवायचे असतील तर ते हाडातून कोरून, भोके पाडून, दोऱ्याने किंवा सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधायची रीत दिलेली आहे. दोऱ्यात एक उणीव होती आणि ती बांधणाऱ्याच्या हातात नव्हती. दात हिरडीकडे निमुळता होत जातो. त्यामुळे ताणलेला दोरा सरकत सरकत मानेकडे जातो आणि शेवटी हिरडीत रुततो. तिथे अन्न अडकते, हिरडी सुजते, दात हलायला लागतो. मग दोरा आणखी आवळायचा, की दात आणखी हलतो. १७४६ मध्ये क्लोद मुतों याने दोऱ्याऐवजी दाताला मिठी मारणारे सोन्याचे लवचिक आकडे सुचवले. आज ज्याला सगळे दंतवैद्य क्लॅस्प म्हणतात त्याची छापील वाट इथून सुरू होते. क्लॅस्पचा मोठा गुण त्याच्या घट्टपणात नव्हता. रुग्णाला तो स्वतःच्या हाताने काढता येत होता, हा तो गुण. पण त्या काळच्या वर्णनांत भर पडतो तो घट्ट बसण्यावर, आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षे तो तिथेच राहिला.

एखादा दात काय काय सोसतो याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जॉर्ज वॉशिंग्टन यांचे आहे. ३० एप्रिल १७८९ रोजी अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनी शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. न्यूयॉर्कच्या जॉन ग्रीनवुडने त्याच वर्षी त्यांच्यासाठी पाणघोड्याच्या दातातून कवळी कोरली, तिच्यात माणसांचे दात बसवले आणि खालच्या कवळीला एक भोक ठेवले. त्या भोकातून वॉशिंग्टन यांचा तो एकुलता एक खालचा दात वर येत असे. (ती कवळी लाकडाची होती ही समजूत सर्वत्र पसरलेली आहे, आणि ती चुकीची आहे. माणसांचे दात कुठून येत, हा मात्र विसरू नये असा प्रश्न आहे : वॉशिंग्टन यांच्या मालमत्तेच्या हिशेबवहीत १७८४ साली कृष्णवर्णीयांकडून घेतलेल्या नऊ दातांसाठी पैसे दिल्याची नोंद आहे.) वरची आणि खालची कवळी स्प्रिंगने जोडलेली असे आणि ती स्प्रिंग दोन्ही कवळ्यांना सतत एकमेकींपासून दूर लोटत असे. त्या साऱ्या डोलाऱ्याला बाजूला सरकू न देण्याचे काम त्या एका दाताकडे होते. १७९६ मध्ये तोही काढावा लागला. आता कुणी म्हणेल, की ज्या तोंडातले इतर सगळे दात गेले होते तिथला शेवटचा दातही गेलाच असता. कवळीला दोष कशाला? हे मान्य करायला हवे. एका माणसाच्या एका दातावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण ग्रीनवुडसारख्या कुशल कारागिराच्या रचनेतही त्या दाताचा भार हलका करणारे काहीच नव्हते, हे कवळीकडे पाहूनच कळते. दात सापडला की त्याला वेसण घालायची, यापलीकडे त्या काळची कल्पना गेली नव्हती.

दात सोडून दुसरीकडून पकड मिळवण्याचा प्रयत्नही याच काळात सुरू झाला. जपानमध्ये तो फार आधी साधला होता : वाकायामाच्या गान्जोजी मंदिराशी संबंधित नाकाओका तेई ही बौद्ध भिक्षुणी १५३८ मध्ये वारली, आणि तिची वरच्या जबड्याची एकसंध लाकडी कवळी आजही आहे. टाळूला अचूक टेकणाऱ्या पृष्ठभागामुळेच ती जागेवर राहत असे. पश्चिमेत हे कळायला १८०० साल उजाडले. फिलाडेल्फियात स्थायिक झालेल्या जेम्स गार्डेट या फ्रेंच दंतवैद्याच्या लक्षात आले, की नीट बसणारी वरची कवळी स्प्रिंगशिवायही टिकते. त्यानंतर टाळूच्या बाजूला पोकळी ठेवून हवा खेचून धरणाऱ्या कवळ्या निघाल्या आणि पुढे मध्यभागी रबराची चकती बसवलेल्या कवळ्याही आल्या. या चकत्यांची पकड जबर होती. वर्षानुवर्षे तोच भाग ओढला गेल्यामुळे काही रुग्णांच्या टाळूला आरपार छिद्र पडल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. पकड वाढवली की कुठला तरी जिवंत भाग तिची भरपाई करतो. दात नाही तर टाळू.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हल्कनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, आले. सोन्याच्या पत्र्याच्या मानाने ते फारच स्वस्त होते, त्यामुळे कवळी पहिल्यांदाच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने आपल्या पेटंटपोटी अमेरिकेतल्या दंतवैद्यांकडून परवाना-शुल्क वसूल करायला सुरुवात केली, न देणाऱ्यांवर खटले भरले, आणि १८७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही पेटंट उचलून धरले. १३ एप्रिल १८७९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युएल शॅल्फंट या दंतवैद्याने कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला गोळी घालून ठार केले. १८८१ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि रबर सर्वांचे झाले. स्वस्ताईचे श्रेय व्हल्कनाइटला द्यायलाच हवे. पण त्याच्या अर्ध्या कवळीत एक दोष बसून आला. ती दातांच्या मानेला खेटून, नुसती हिरडीवर टेकलेली असे. दर घासाबरोबर ती थोडी खाली दबत असे आणि कड हिरडी खरवडत असे. तिला क्लॅस्प जोडले तर तेही तिच्याबरोबर खाली सरकत. हा दोष व्हल्कनाइटबरोबर गेला नाही. त्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका वैद्यकीय वादाने काढता येणाऱ्या कवळीची बाजू अनपेक्षितपणे बळकट केली. १९१० मध्ये इंग्लंडचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्याख्यान दिले. सोन्याच्या टोप्या आणि कायमचे बसवलेले पूल यांच्याखाली कुजणारे दात साऱ्या शरीरात रोग पसरवतात, असा त्यांचा आरोप होता. पुढच्या दोन दशकांत या सिद्धांतापायी कित्येक निरोगी दातही उपटले गेले, आणि त्याचे अतिरेकी रूप आज कुणी मानत नाही. पण एक गोष्ट त्यातून ठसली : जे काढून धुता येते ते तोंडात ठेवणे अधिक सुरक्षित. तोवर काढता येणे हा कवळीचा कमीपणा समजला जात होता, परवडत नाही म्हणून पत्करलेला. आता तोच तिचा गुण ठरला. न्यूयॉर्कचे हर्मन चेयस यांनी याच काळात सोन्याच्या टोपीत खाच आणि कवळीला तिच्यात सरकणारा जोड अशी नाजूक रचना प्रचारात आणली. पकड बाहेरून दिसत नसे आणि तरी कवळी रोज हातात घेऊन घासता येत असे.

खरी उलथापालथ मात्र प्रयोगशाळेच्या टेबलावर झाली. जानेवारी १९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट यांनी मेणाचा नमुना वितळवून त्या जागी सोने ओतायची पद्धत न्यूयॉर्कमध्ये मांडली. ती दातातल्या भरणासाठी होती, पण थोड्याच वर्षांत साऱ्या कवळीचा सांगाडा एकसंध ओतता येऊ लागला. शिकागोचे पोक एकर्स यांनी १९२० च्या दशकात एकसंध ओतलेल्या क्लॅस्पचा पाठपुरावा केला. दाताला वळसा घालणारा साधा क्लॅस्प आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. ओतकामामुळे क्लॅस्पला टेकू जोडणे सोपे झाले. टेकू म्हणजे दाताच्या चावण्याच्या बाजूवर, मुद्दाम कोरलेल्या उथळ बशीत बसणारा धातूचा छोटा तुकडा. दंतवैद्य त्याला रेस्ट म्हणतात. कवळी खाली दबू न देणे हे त्याचे काम. कल्पना आधीचीच होती, फिलाडेल्फियाचे विल्यम बॉनविल यांनी १८९९ मध्ये क्लॅस्पवर लिहिताना तिचा आग्रह धरला होता. पण तिचे महत्त्व ओतकामानंतर उमगले, आणि इथे इतिहासाला वळण मिळते असे मी मानतो. टेकूमुळे कवळीची तीन कामे वेगवेगळी दिसू लागली : चावण्याचा भार झेलणे, बाजूला सरकू न देणे, आणि वर उचलली जाऊ न देणे. आधीची दीडशे वर्षे ही तिन्ही कामे एकाच आकड्यावर लादलेली होती, म्हणून आकडा घट्ट लागत होता. भार टेकू झेलतो आणि बाजूचे सरकणे दाताच्या दोन सपाट कडा अडवतात, असे ठरले की उरलेले तिसरे काम फार हलके असते. चिकट घास कवळीला वर ओढतो त्या ओढीपुरती पकड पुरते.

किती पकड पुरते हे मोजण्याचे साधनही लगोलग आले. दात सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो. मध्यावर फुगलेला असतो आणि हिरडीकडे आत वळतो. क्लॅस्पचे टोक त्या फुगवट्याखाली बसते. कवळी उचलली गेली की टोकाला फुगवटा ओलांडण्यासाठी वाकावे लागते, आणि त्या वाकण्याला धातू जो विरोध करतो तीच पकड. आता फुगवटा कुठे आहे हे दात कोणत्या दिशेने पाहिला यावर ठरते, आणि कवळी एकाच दिशेने आत जाते. म्हणून सगळ्या दातांकडे त्या एका दिशेने पाहायला हवे. १९१८ मध्ये ए. जे. फोर्टुनाटी यांनी बॉस्टनमध्ये, उभ्या दांड्याला पेन्सिलीचे शिसे लावून प्लॅस्टरच्या दातांवर फुगवट्याची रेघ काढून दाखवली. १९२३ मध्ये ने कंपनीने असे यंत्र विकायला काढले. त्याला सर्वेयर म्हणतात. तोवर ज्याचे त्याचे बोटांचे अंदाज होते. आता फुगवट्याखालची खोली मिलिमीटरच्या अंशांत मोजता येऊ लागली. कोबाल्ट-क्रोमियमच्या ओतीव क्लॅस्पला पाव मिलिमीटर, सोन्याच्या क्लॅस्पला त्याहून थोडी अधिक, वळवलेल्या तारेला अर्धा मिलिमीटर, असे आकडे पुढे पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. पाव मिलिमीटर! त्याहून खोल जाऊन पकड वाढवता येते, आणि प्रत्येक वेळी कवळी काढताना तेवढ्याच जोराने दात आडवा ओढला जातो. जमिनीत रोवलेला खुंटा सरळ वर ओढला तर दाद देत नाही, आलटून पालटून दोन्हीकडे हलवला की निघून येतो. दाताच्या मुळाचेही तसेच आहे.

यावर एक गंभीर आक्षेप असा घेता येईल, की हे सगळे शहाणपण वैद्यकीय विचारातून आले असे मानणे भाबडेपणाचे आहे; कवळीची रूपे धातूच्या भावाने ठरवली. त्यात तथ्य आहे. १९३४ मध्ये अमेरिकेने सोन्याचा अधिकृत भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला. कोबाल्ट आणि क्रोमियमच्या मिश्रधातूंवर एल्वूड हेन्स यांचे काम १९०७ पासून चालू होतेच, आणि १९२९ च्या सुमारास अर्डल आणि प्रांगे यांनी व्हायटॅलियम या नावाने त्यातला एक दंतकामासाठी तयार केला. तो सोन्याच्या मानाने स्वस्त, वजनाने जवळपास निम्मा आणि जवळपास दुप्पट ताठ होता. मंदीच्या दिवसांत प्रयोगशाळा त्याच्याकडे वळल्या यात विचारापेक्षा खिशाचा भाग मोठा होता. पण पुढे काय झाले ते पाहावे. सोन्याच्या सवयीने खोल खाचेत बसवलेला तसाच क्लॅस्प या ताठ धातूत केला, तर दात दुखतो किंवा क्लॅस्प तुटतो. म्हणून खाच उथळ घ्यावी लागली. भावाने धातू बदलला; पण त्या धातूचे काय करायचे हे दाताने ठरवले.

सर्वांत अवघड प्रश्न उरला तो शेवटच्या दाढा गेलेल्या जबड्याचा. न्यूयॉर्कचे एडवर्ड केनेडी यांनी १९२० च्या दशकात अर्धवट दात गेलेल्या जबड्यांचे चार वर्ग पाडले, आणि त्यांतले पहिले दोन याच जबड्यांचे आहेत. इथे कवळीच्या पुढच्या टोकाला दात असतो, मागच्या टोकाला नुसती हिरडी. जबड्याच्या हाडात दात जितका दबतो त्याच्या कित्येक पट हिरडी दबते. त्यामुळे घास मागे चावला की कवळी मागे खाली जाते आणि टेकूभोवती फिरते. त्या फिरण्यात क्लॅस्पचे टोक दाताला वर उपटते. इथे पकड वाढवणे म्हणजे उपटण्याचा जोर वाढवणे. शिकागोच्या एफ. युइंग रोच यांनी १९३० मध्ये हिरडीच्या बाजूने वर येणारे, दाताला कमी स्पर्श करणारे क्लॅस्प मांडले. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या क्रॅटोचविल यांनी टेकू दाताच्या मागच्या कडेवरून पुढच्या कडेवर आणला आणि आडव्या मिठीऐवजी उभ्या काडीसारखा एक टेकणारा क्लॅस्प ठेवला. फिरण्याचा बिंदू पुढे सरकताच चावताना क्लॅस्पचे टोक दाताला उपटण्याऐवजी त्याच्यापासून सुटून खाली जाऊ लागले. आर्थर क्रोल यांनी १९७३ मध्ये ही रचना आणखी नेमकी केली. घास चावताना क्लॅस्पने दात सोडून द्यावा, हाच या रचनेचा हेतू आहे! फोशारच्या दोऱ्यापासून इथपर्यंतचा प्रवास पाहिला, की मला ही कल्पना मोठ्या शोधाच्या तोडीची वाटते. धरण्याच्या साधनातच कधी सोडायचे हे भरून ठेवणे, ही साधी गोष्ट नाही.

पण सुंदर तर्क आणि रुग्णाच्या तोंडातला निकाल यांत अंतर असते. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये कार्लसन, हेडेगॉर्ड आणि कोइवुमा यांनी अर्धी कवळी वापरणाऱ्यांचा काही वर्षे मागोवा घेतला, तेव्हा आधाराच्या दातांभोवतीची हिरडी बिघडलेली आणि दात हलते झालेले आढळले. अर्धी कवळी म्हणजे पूर्ण कवळीची पहिली पायरी, असे मत त्यातून पसरले. मग बो बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमध्येच वेगळ्या रीतीने काम केले : रुग्णांना आधी दात स्वच्छ ठेवायला शिकवले, कवळ्या नीट आराखड्याने केल्या आणि त्यांना वरचेवर तपासणीला बोलावले. १९८२ मध्ये दहा वर्षांचा आणि १९९५ मध्ये पंचवीस वर्षांचा निकाल प्रसिद्ध झाला. रुग्ण मोजकेच होते, तरी आधाराच्या दातांची फारशी हानी दिसली नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत कृष्ण कपूर आणि सहकाऱ्यांनी १३४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागून एका गटाला वळसा घालणारा आणि दुसऱ्याला उभा क्लॅस्प दिला. पाच वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे तीन चतुर्थांश कवळ्या यशस्वी होत्या आणि आधाराच्या दातांच्या स्थितीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. यावरून कुणी म्हणेल, की मग क्रॅटोचविल, क्रोल, पाव मिलिमीटर ही सगळी कसरत व्यर्थ! मला तसे वाटत नाही. कपूर यांच्या दोन्ही गटांत टेकू होते, सर्वेयरवर काढलेली रेघ होती, रुग्णांची देखभाल होती. तुलना दोन शहाण्या रचनांची होती, शहाणी रचना आणि नुसती मिठी यांची नव्हती. निकाल इतकेच सांगतो, की एकदा पकड बेताची ठेवली आणि भार टेकूकडे सोपवला, की क्लॅस्पच्या आकारावरून भांडण्यात फारसा अर्थ उरत नाही. त्यापेक्षा ब्रश महत्त्वाचा.

उलट बाजूने अधिक जड आक्षेप येतो तो जर्मनीतून. तिथे दाताला आतली टोपी आणि कवळीत तिच्यावर बसणारी बाहेरची टोपी, अशा दुहेरी टोप्यांची परंपरा आहे. या कल्पनेचे आरंभीचे वर्णन आर. डब्ल्यू. स्टार यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत केले, आणि के. एच. केर्बर यांनी १९६८ मध्ये शंकूसारख्या निमुळत्या टोप्यांचे गणित मांडले. या कवळ्या घट्ट बसतात आणि पुष्कळदा दशकभराहून जास्त चालतात. मग घट्ट पकड वाईट कशी? उत्तर त्यांच्या रचनेतच आहे. दुहेरी टोपी भार दाताच्या मुळाच्या दिशेने सरळ खाली नेते आणि दाताला आडवे ओढत नाही. केर्बर यांची शंकूची टोपी तर काढायला सुरुवात होताच पूर्ण सुटते. तिथे पकड केवढी यापेक्षा ती कुठल्या दिशेने आणि किती वेळ लागू होते हे राखलेले आहे. शिवाय त्यासाठी प्रत्येक आधाराचा दात बराच तासावा लागतो, आणि तोही एक हिशेबच आहे, जो दात आधीच धडधाकट असेल तर फार महाग पडतो.

सैल कवळी धोक्याची असते, ही तक्रारही टाळता येणार नाही. एका बाजूच्या एक-दोन दातांसाठी केलेल्या छोट्या कवळ्या झोपेत किंवा जेवताना गिळल्या गेल्याच्या, श्वासनलिकेत गेल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात पुष्कळ आहेत. पण त्यांवरचा उपाय जास्त आवळणारा क्लॅस्प हा नाही. सांगाडा जबड्याच्या दुसऱ्या बाजूपर्यंत नेणे हा आहे, म्हणजे कवळी मोठी होते, गिळली जात नाही आणि प्रत्येक दाताच्या वाट्याला पकड कमी येते. न्यूझीलंडच्या आर. जी. एव्हरी यांनी १९४९ मध्ये याहून पुढचे धाडस केले : दोन्ही बाजूंना दात असलेल्या मोकळ्या जागांसाठी वरच्या जबड्याची अशी कवळी, जिला क्लॅस्पच नाही. शेजारच्या दातांना ती नेमक्या बिंदूंवर टेकते, दातांच्या मानेपासून दूर राहते आणि टाळूवरच्या ओलाव्याने, जिभेच्या व गालांच्या साहाय्याने जागेवर राहते. खालच्या जबड्याला किंवा शेवटच्या दाढा नसताना ती चालत नाही. तरी क्लॅस्पशिवाय निभाव लागू शकतो हे तिने दाखवून दिले.

आपल्याकडचे चित्र या इतिहासाच्या कुठल्या टप्प्यावर आहे? मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये सुरू झाले, म्हणजे एकर्स, रोच आणि व्हायटॅलियम नवे होते त्याच सुमारास. १९३६-३७ मध्ये अ‍ॅक्रिलिक आले आणि त्याने जगभर व्हल्कनाइटची जागा घेतली. महाराष्ट्रात आज काढता-घालता येणारे दात म्हटले की बहुधा डोळ्यांसमोर येते ती गुलाबी अ‍ॅक्रिलिकची पट्टी आणि तिच्यातून निघून दाढेला वळसा घालणारी पोलादी तार. लोक तिला तारेचे दात म्हणतात. ती स्वस्त आहे, लवकर होते, तुटली तर दुरुस्त होते, आणि दात काढल्यानंतरच्या काही महिन्यांपुरती ती योग्यही आहे. पण तिला बहुधा टेकू नसतो. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या रबराच्या कवळीचा दोष तिच्यात जसाच्या तसा आहे : हिरडीवर टेकलेली पट्टी, दर घासाबरोबर खाली सरकणारी, दातांच्या मानेला घासणारी. सैल झाली की तार चिमट्याने आवळून घेतात. फोशारचा दोरा पुन्हा आवळावा तसेच हे आहे. ओतीव सांगाड्याचा खर्च सर्वांना झेपणार नाही हे खरे, आणि म्हणून तारेच्या कवळीला हिणवणे अन्यायाचे होईल. पण टेकूला सांगाडाच लागतो असे नाही. तारेचाही टेकू वळवता येतो. दाढेच्या माथ्यावर दीड मिलिमीटर खोल बशी कोरायला डॉक्टरांची काही मिनिटे लागतात, आणि रुग्णाला तार किती घट्ट आहे याऐवजी टेकू आहे का हे विचारता यायला हवे. अलीकडे नाइलॉनच्या लवचिक कवळ्यांना मागणी आहे. त्या १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये निघाल्या. धातू दिसत नाही, लवचिक कड हिरडीला मिठी मारते, रुग्ण खूश होतो. त्यांनाही बहुधा टेकू नसतो.

अखेरचा आक्षेप असा, की इम्प्लांटच्या काळात हा सगळा वाद जुना झाला. प्रत्यक्षात त्याने वाद अधिक स्पष्ट केला आहे. १९८१ मध्ये नेदरलँड्सच्या नाइमेखेन विद्यापीठातील अर्न्ड केझर यांनी दाखवले, की पुढचे दात आणि लहान दाढा शाबूत असतील तर मागच्या दाढांशिवायही पुष्कळ लोकांचे चावणे नीट चालते; म्हणजे केनेडींच्या पहिल्या वर्गातल्या कित्येकांना कवळीची गरजच नसते. ज्यांना ती हवी आहे त्यांच्यासाठी मागच्या मोकळ्या हिरडीखाली दोन्ही बाजूंना एकेक इम्प्लांट बसवून त्यावर कवळी टेकवतात. इम्प्लांटवर नाइलॉनच्या छोट्या टोपीचा जोड बसवला तर पकडही मिळते, पण त्या टोप्या झिजतात आणि अधूनमधून बदलाव्या लागतात. काही वेळा तो इम्प्लांट नुसता टेकू म्हणूनच वापरला जातो : वर काही जोड नाही, फक्त हिरडीच्या पातळीवर एक गुळगुळीत धातूचा माथा. कवळी त्यावर विसावते, मागे दबत नाही, आणि पुढच्या दातावरचा क्लॅस्प पाव मिलिमीटरपेक्षाही कमी खाचेत ठेवला तरी भागते.